कॅमेरा कुठला घेऊ?

रेडिओवर फोटोंविषयी बोलायचं म्हणजे पंचाईतच. ऐकणाऱ्याला दाखवायला हातात काहीच नाही. पण हा विषय माझ्या घरातच येऊन बसला, म्हणून बोलतो.

माझा भाचा पुण्यात असतो. इंजिनिअर झाला, दोन वर्षं नोकरी केली आणि आता त्याला लग्नांचे फोटो काढायचे आहेत. पूर्वी कुणी असं म्हणालं असतं तर घरात रडारड झाली असती. आजकाल लग्नाच्या फोटोंना किती पैसे पडतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे कुणी रडलं नाही. त्याने मला फोन केला. "मामू, कॅमेरा कौनसा लेऊं?"

मी कवितेचा माणूस. बी.ए. झालो तोही मराठी घेऊन. यंत्रांशी माझा संबंध पंख्याचं बटण दाबण्यापुरता. पण मला जुन्या फोटोंचा नाद आहे, हे भाच्याला माहीत होतं. रद्दीवाल्याकडे कुणाच्या घरातला अल्बम आला की तो मला निरोप धाडतो. त्या नादापायी हा फोटो कशाने काढला असेल, काढणारा कुठे उभा असेल, हे वाचत, विचारत राहिलो. म्हणून मी त्याला उलट विचारलं, "फोटो कुणाचा काढायचाय, आणि किती लांबून?"

"मामू, शायरी नको, मॉडेल सांगा," तो म्हणाला.

ती शायरी नव्हती. कॅमेऱ्याच्या साऱ्या इतिहासात हाच प्रश्न पुन्हा पुन्हा आलेला मला दिसतो. आणि तो प्रश्न फोटोग्राफीच्या जन्मानंतर वर्षभरातच उभा राहिला.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची फोटो काढण्याची रीत जगजाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, आयोडिनची वाफ, पाऱ्याची वाफ, असा तो सगळा खटाटोप. त्याच्या थोडं आधी दागेरने आपल्या खिडकीतून पॅरिसच्या एका रस्त्याचा फोटो काढला होता. रस्ता भर वर्दळीचा. पण फोटोत तो ओस पडलेला दिसतो. भिंगावरचं झाकण कित्येक मिनिटं उघडं ठेवावं लागे, तेवढ्यात जे जे हललं ते पत्र्यावर उमटलंच नाही. घोडे, गाड्या, माणसं सगळी पुसली गेली. एकजण तेवढा राहिला, कारण तो एका जागी उभा राहून बुटांना पॉलिश करून घेत होता. फोटोत आलेला हा बहुधा पहिला माणूस, आणि बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

त्या कॅमेऱ्यांवर पॅरिसच्या शेवालिएची लेन्स असे. इमारतीसाठी, देखाव्यासाठी उत्तम. पण तिचं तोंड अरुंद, उजेड आत यायला वेळ लागे. इमारतीला घाई नसते. माणसाचा चेहरा घ्यायचा तर त्याला उन्हात बसवून ठेवावं लागे, डोळ्यांतून पाणी वाहायला लागे. मग १८४० मध्ये व्हिएन्नातला गणिताचा प्राध्यापक जोसेफ पेट्झवाल याने नुसत्या आकडेमोडीतून एक नवी लेन्स उभी केली. आकडेमोड एवढी प्रचंड की ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातली गणितं करणारी माणसं त्याच्या मदतीला दिली होती असं सांगतात. तोफेचा गोळा कुठे पडेल हे मोजणारे लोक उजेड कुठे पडेल हे मोजायला बसले. चार भिंगांची ती लेन्स जुनीच्या साधारण वीसपट उजेड आत घेई. बैठक मिनिटाच्या आत आली. फोइग्टलेंडर नावाच्या भिंगकाराने ती बनवून विकली, पेट्झवालला एकरकमी पैसे दिले, आणि पुढे दोघांचं कायमचं फाटलं. ते राहू द्या.

या लेन्समध्ये एक दोष होता. मधला भाग लख्ख, कडा मात्र विरघळलेल्या. देखाव्याचा फोटो काढणाऱ्याला ती निरुपयोगी. पण चेहरा तर मध्येच असतो. कडेला खुर्चीचा हात आणि पडद्याची झालर, ती विरघळली काय आणि न विरघळली काय! उलट त्यामुळे चेहरा उठून दिसायचा. एकाचा दोष तो दुसऱ्याचा गुण. म्हणजे कॅमेरा जेमतेम वर्षाचा होत होता तेव्हाच दुकानदार गिऱ्हाइकाला विचारायला लागला की साहेब, देखावा काढणार की माणूस?

इथे एक साधी गोष्ट सांगतो, कारण ती पुढे लागणार आहे. मोबाइल हातभर अंतरावर धरून स्वतःचा फोटो काढा. नाक मोठं येतं, कान मागे जातात. आता तोच मोबाइल कुणाला तरी सहा-सात फुटांवरून धरायला सांगा. नाक जागेवर येतं. लोक म्हणतात, लेन्सने चेहरा बिघडवला. लेन्सचा त्यात काही अपराध नसतो. नाक लेन्सच्या जवळ होतं आणि कान त्या मानाने बरेच लांब होते, एवढंच. सात फुटांवरून नाक आणि कान यांच्यातला फरक किरकोळ होतो. चेहऱ्याची ठेवण अंतर ठरवतं. लेन्स ठरवते ती एवढंच, की तुम्ही कुठे उभे राहिलात तर फोटोत चेहरा हवा तेवढा भरेल. म्हणून चेहऱ्यासाठी लांब नाभीय अंतराची लेन्स घेतात. ती काढणाऱ्याला आपसूक दोन पावलं मागे ढकलते.

पहिल्या पन्नास वर्षांत मात्र निवड लेन्सपेक्षा काचेची असे. १८५१ मध्ये इंग्लंडमध्ये आर्चरने ओल्या काचेची रीत काढली. काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं आहे तोवर फोटो घ्यायचा, ओलं आहे तोवरच धुवायचा. म्हणजे अंधारखोली बरोबर न्यायची. शिवाय फोटो मोठा करण्याची सोय नसल्यासारखीच. काचेवर कागद ठेवून उन्हात छापायचं, म्हणून जेवढी काच तेवढा फोटो. सॅम्युअल बोर्न हा इंग्रज १८६३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि बारा बाय दहा इंचांच्या काचा घेऊन हिमालयात गेला. तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या आणि ते सगळं वाहणारे डझनावारी हमाल. १८६६ मध्ये त्याने अठरा हजार फुटांवरच्या मनिरंग खिंडीत फोटो काढले. त्या फोटोंतली दगडाची धारन् धार आजही स्पष्ट दिसते. इतिहासात नाव बोर्नचं राहिलं. हमालांची नावं राहिली नाहीत.

आपल्या मुंबईतही हा नाद लवकर पोचला होता. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिथले नावाजलेले छायाचित्रकार. एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्गही निघाला होता. पण मला ज्यांच्याविषयी थांबून बोलायचं आहे ते लाला दीनदयाळ. १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधन्यात जन्म, रूडकीला शिक्षण, इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी, आणि तिथे लागलेला कॅमेऱ्याचा छंद. पुढे हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार केलं आणि राजा हा किताब दिला. किल्ले, शिकार, पलटणी, मेजवान्या, सगळं त्यांनी टिपलं.

मी उदगीरचा. आमचा मुलूख तेव्हा निजामाचाच, त्यामुळे या गृहस्थांविषयी मला उगाच घरचा माणूस असल्यासारखं वाटतं. त्यांच्या साऱ्या कामात माझ्या मनात घर करून राहिली ती एक वेगळीच गोष्ट. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत जनाना स्टुडिओ काढला. पडद्यातल्या बायकांसाठी. उंच भिंतींच्या आड, आत सगळ्या बायकाच. फोटो काढणारीही बाई, एक इंग्रज बाई. दीनदयाळांकडे उत्तमातले उत्तम कॅमेरे होते. पण त्यांना हे उमगलं की घरात कुणी जाऊच देत नसेल, तर कुठलीही लेन्स त्या चेहऱ्यापर्यंत पोचणार नाही. म्हणून त्यांनी लेन्स बदलली नाही, लेन्सच्या मागचा माणूस बदलला. हे सव्वाशे वर्षांहून जुनं शहाणपण आमच्या गावात १९८७ सालीसुद्धा पोचलेलं नव्हतं. त्याकडे येतोच.

मधली काही वर्षं भराभर ओलांडू या. १८८८ मध्ये ईस्टमनचा कोडॅक आला. शंभर फोटोंची फिल्म आतच भरलेली, संपली की कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. १९०० मध्ये एक डॉलरचा ब्राउनी आला. लेन्स निवडायची भानगड नाही, काही निवडायचंच नाही. घरोघरी फोटो सुरू झाले ते यांच्यामुळे.

निवडीचा प्रश्न पुन्हा नव्याने उभा केला तो एका दमेकऱ्याने. जर्मनीत वेट्झलर इथे लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक नावाचा कारागीर होता. त्याला डोंगरात हिंडून फोटो काढायची हौस आणि छातीत दम्याचा विकार. जड कॅमेरा, तिपाई, काचा हे ओझं त्याला झेपेना. सिनेमाची फिल्म तर हाताशी होती. त्याने सिनेमाच्या दोन चौकटी जोडून एक चौकट केली, छत्तीस बाय चोवीस मिलिमीटरची, आणि १९१३-१४ च्या सुमाराला खिशात मावेल असा कॅमेरा बनवला. मग महायुद्ध आलं. बाजारात तो आला १९२५ मध्ये, लायपझिगच्या जत्रेत, लायका या नावाने. लेन्स पन्नास मिलिमीटरची. त्या चौकटीचा कर्ण त्रेचाळीस मिलिमीटरचा. लेन्स कर्णाच्या आसपास असली की फोटो डोळ्याला सहज वाटतो, ना फुगलेला ना चेपलेला. पुढे लायकाची लेन्स काढून दुसरी बसवायची सोयही झाली. आज आपण 'फुल फ्रेम' म्हणून ज्या कॅमेऱ्यांना लाखांत पैसे मोजतो, त्यांचा सेन्सर अजूनही छत्तीस बाय चोवीसच आहे. एका दमेकऱ्याच्या फुप्फुसांनी ठरवलेलं हे माप.

या सगळ्या प्रकारांची परीक्षा एका माणसासमोर झाली असं मला वाटतं. ते म्हणजे गांधीजी.

१९४६ मध्ये अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकाची मार्गारेट बर्क-व्हाइट त्यांचा चरख्याबरोबर फोटो घ्यायला आली. तिचा भर मोठ्या कॅमेऱ्यावर आणि फ्लॅशच्या बल्बवर. तिला सांगितलं गेलं की आधी सूत कातायला शिक. ती शिकली. मग अट घातली तीन बल्बांची, कारण बापूंना तो झगमगाट आवडत नसे. पहिल्या दोन वेळेला काही ना काही बिघडलं, तिसऱ्याला जमलं. पुढे चरखा, मागे वाचत बसलेले गांधीजी. जगाने पाहिलेला फोटो. त्यात चरखा केवढा मोठा दिसतो! तो कॅमेऱ्याजवळ आहे म्हणून. तिने उभं राहायची जागा अशी निवडली की यंत्र माणसापेक्षा पुढे यावं.

होमाई व्यारावाला आपल्याकडच्या. नवसारीचा जन्म, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, आणि १९४२ पासून काम दिल्लीत. साडी नेसून खांद्यावर अवजड सामान घेऊन फिरणारी ही पारशी बाई. त्यांच्याकडे स्पीड ग्राफिक होता आणि रोलायफ्लेक्स होता. स्पीड ग्राफिक म्हणजे वृत्तपत्रवाल्यांचा पेटीएवढा कॅमेरा, एक फोटो काढला की फिल्म बदला. म्हणजे नेम धरून वाट पाहायची. रोलायफ्लेक्स छातीशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत पाहायचं. तो डोळ्याला लावत नाहीत, त्यामुळे समोरच्याला आपल्यावर कुणी नेम धरलाय असं वाटत नाही. बाई मान खाली घालून उभी आहे, एवढंच दिसतं. चौकोनी निगेटिव्ह, रोलमध्ये बाराच फोटो. नेहरू कबुतर उडवताहेत, बहिणीला मिठी मारताहेत, ते फोटो या बाईंचे. तीस जानेवारी १९४८ ला त्या बिर्ला हाउसकडे निघाल्या होत्या. पतीने थांबवलं, उद्या जाऊ म्हणाले. तो उद्या आलाच नाही. २०१२ मध्ये त्या गेल्या, तोपर्यंत ही रुखरुख त्या बोलून दाखवत.

आणि आँरी कार्तिए-ब्रेसाँ. त्याने आयुष्यभर जवळजवळ सगळं काम लायका आणि पन्नासची लेन्स यांवर केलं. कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग तो काळ्या पट्टीने झाकून टाकी. फ्लॅशला हात लावत नसे. त्या तीस जानेवारीला दुपारी तो गांधीजींना भेटला, आपल्या प्रदर्शनाचं पुस्तक त्याने त्यांना दाखवलं. तो बाहेर पडला आणि थोड्याच वेळात गोळ्या झाडल्या गेल्या. रात्री नेहरूंनी बिर्ला हाउसच्या फाटकावरून गर्दीला ती बातमी सांगितली, त्याचा फोटो त्याने घेतला. तो हललेला आहे, धूसर आहे. आजच्या कॅमेऱ्याने तो किती लख्ख आला असता! पण त्या रात्री जे उभे होते त्यांच्या डोळ्यांनाही काही लख्ख दिसत नसणार. तिथे मोठा कॅमेरा आणि फ्लॅश घेऊन उभं राहणं मला तरी कल्पनेतही सहन होत नाही.

हे तिघे मी भाच्याला सांगितले. तो म्हणाला, "मामू, मला बीड बायपासवरच्या लॉनमध्ये लग्नं काढायचीत." बरोबर आहे त्याचं.

ज्यांना जवळ जाताच येत नाही, त्यांची वाट निराळी. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी झाइस कंपनीने एकशेऐंशी मिलिमीटरची जाडजूड लेन्स बनवली. मैदानात उतरता येत नाही, मग धावणारा माणूस कठड्यापर्यंत ओढून आणायचा. आज क्रिकेटच्या सीमारेषेवर तोफांसारख्या चारशे-सहाशेच्या लेन्स लावून बसलेले लोक दिसतात, ते त्याच घराण्यातले. पक्ष्यांचे फोटो काढणारेही त्यातलेच, फक्त त्यांच्या अंगी धीर अधिक. अमेरिकेत अन्सेल अ‍ॅडम्स आणि त्याच्या मित्रांनी १९३२ मध्ये आपल्या मंडळाचं नावच 'एफ ६४' ठेवलं. मोठ्या कॅमेऱ्यावर लेन्सचं तोंड अगदी बारीक केलं की पायाशी असलेल्या दगडापासून क्षितिजावरच्या डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट येतं. दोन लेन्स जवळ बाळगणारे आणि शंभर लेन्सची स्वप्नं पाहणारे यांची गाठ घातली ती जपान्यांनी. १९५० मध्ये 'लाइफ'चा डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होता. एका जपानी छायाचित्रकाराने त्याचा फोटो काढला, तो पाहून तो चाटच पडला. लेन्स निकॉनच्या कारखान्यातली होती. डंकनने तसल्या लेन्स आपल्या लायकावर चढवल्या आणि तो कोरियाच्या युद्धावर गेला. जर्मन भिंगांपुढे कोण, असं म्हणणाऱ्यांची बोलती बंद झाली. १९५९ मध्ये निकॉन एफ आला. आत आरसा, त्यामुळे जी लेन्स लावाल तिच्यातूनच तुम्हाला दिसतं. आता एकाच बॉडीवर माणूस, मैदान, पक्षी, मुंगीचे डोळे, सगळं. लेन्स बसवायचं त्याचं तोंड कंपनीने बदललं नाही. त्या वेळच्या लेन्स थोडीफार कानस मारून नंतरच्या कॅमेऱ्यांवरही चढत राहिल्या. कॅननने मात्र १९८७ मध्ये तोंडच बदललं आणि कितीतरी लोकांच्या जुन्या लेन्स पेटीत पडल्या.

१९८७. त्याच वर्षी माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न झालं, या भाच्याच्या आईचं.

आमच्या लहानपणी घरी कॅमेरा असणं म्हणजे अ‍ॅग्फाचा क्लिक थ्री असणं. डबाच तो. बारा फोटो, त्यातले चार अंधारे. लग्नाला मात्र स्टुडिओवाला यायचा आणि त्याच्या गळ्यात याशिकाचा दोन डोळ्यांचा कॅमेरा असायचा, रोलायफ्लेक्सचा गरीब चुलतभाऊ. पण बहिणीच्या लग्नात जो आला त्याने नवा पेंटॅक्स आणला होता, छत्तीस फोटोंच्या रोलचा, आणि वर अठ्ठावीसची वाइड लेन्स. ती तो सगळ्यांना काढून काढून दाखवत होता. अंगण छोटं, बायका तीसेक. मागे सरकायला जागा नाही. वाइड लेन्समध्ये सगळ्या मावल्या. अम्मा मुद्दामच शेवटच्या रांगेत, अगदी कडेला जाऊन उभी राहिली. फोटो काढून घेणं तिला आवडत नसे. परका माणूस समोर, डोक्यावरचा पदर तिने आणखी पुढे ओढलेला.

१९९१ मध्ये अम्मा गेली. फोटोची मतदार ओळखपत्रं त्यानंतर दोन वर्षांनी निघायला लागली, नाहीतर सरकारने तरी तिचा एक फोटो काढला असता. पासपोर्ट नव्हता. अल्बममध्ये तोच एक घोळका. मी ती निगेटिव्ह घेऊन स्टुडिओत गेलो, म्हटलं एवढा चेहरा मोठा करून द्या. चार दिवसांनी त्याने दिलं ते पाहून मी दुकानातच खुर्चीवर बसलो. पांढरे काळे दाणे. लांबून पाहिलं तर पदर असल्यासारखं वाटे. शिवाय वाइड लेन्समध्ये कडेची माणसं ताणली जातात, त्यामुळे तो चेहरा रुंद झालेला, अम्माचा नसलेलाच.

कितीतरी वर्षं मी त्या फोटोग्राफरला मनात बोल लावत होतो. याशिका आणला असता तर! त्याची निगेटिव्ह छप्पन्न बाय छप्पन्न मिलिमीटरची, याच्या साडेतीनपटीहून मोठी. नव्याचा सोस नडला, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं. भाच्याचा फोन येऊन गेल्यावर एका रात्री सहज पट्टी घेऊन बसलो. एका रांगेत दहा बायका, छत्तीस मिलिमीटर रुंदीत. एकेकीच्या वाट्याला साडेतीन मिलिमीटर. चेहरा एक मिलिमीटरचा, खसखशीचा दाणा. तोच याशिकाने काढला असता तर दीड मिलिमीटरचा झाला असता. खसखशीऐवजी मोहरी. त्यातूनही अम्मा आली नसती. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नव्हता आणि फिल्मचाही नव्हता. कुणीतरी तिच्याजवळ जायला हवं होतं, आणि तिने त्याला येऊ द्यायला हवं होतं. तो मी असू शकत होतो. सतरा वर्षांचा होतो, मंडपात निरुद्योगी हिंडत होतो.

भाच्याला मी जे सांगितलं ते असं. बॉडीवर जीव टाकू नकोस, ती चार-पाच वर्षांत जुनी होते, लेन्स मात्र तुझ्या मुलाच्याही कामी येईल. पण लग्न पुन्हा लागत नाही, म्हणून बॉडी एक घेऊ नकोस, साध्या दोन घे, आणि एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरवणाऱ्या. एकीवर पस्तीसची लेन्स, मंडपातल्या गर्दीत शिरायला. दुसरीवर पंचाऐंशीची, एफ १.८ ची, चेहऱ्यांसाठी. मंगल कार्यालयातल्या मिणमिणत्या उजेडात ती चालेल, आणि म्हाताऱ्या बायकांच्या नाकाशी कॅमेरा न नेता त्यांचे फोटो येतील. त्याला चोवीस-सत्तरची झूम हवी होती. झूमने पाय वाचतात आणि पाय वाचले की माणूस जागचा हलत नाही, असं मी कुरकुरलो. त्याने झूम घेतलीच. त्याचे पैसे, त्याचं लग्नसराईचं गणित. बॉडी त्याने बिनआरशाची घेतली. २०१८ मध्ये निकॉननेही फुल फ्रेममध्ये आरसा काढून टाकला आणि त्या नव्या कॅमेऱ्यांसाठी नवं तोंड आणलं, हे मला त्यानेच सांगितलं. पंचाऐंशीची मात्र त्याने घेतली. आणि मी न सांगता एक मॅक्रोही घेतली, अंगठ्यांचे आणि मेंदीचे फोटो काढायला.

त्या मॅक्रो लेन्सने एक काम मी त्याच्याकडून करून घेतलं. मॅक्रोमध्ये वस्तू आहे त्याच आकारात सेन्सरवर उतरते. निगेटिव्ह छत्तीस बाय चोवीसची, सेन्सर छत्तीस बाय चोवीसचा. खालून दिवा लावून निगेटिव्हचा फोटो घेतला की कडेपासून कडेपर्यंत जशीच्या तशी मिळते. बहिणीच्या पेटीत लग्नाचे तीनही रोल बटर पेपरच्या पाकिटांत होते. अल्बमसाठी त्यातले निवडक छापले होते, बाकीचे कुणी पाहिलेही नव्हते. ईदच्या दुसऱ्या दिवशी भाचा ते एकेक करून उतरवत बसला, आणि मी शेजारी चहा पीत.

तिसऱ्या रोलमध्ये अम्मा होती. एकटी, स्वयंपाकघराच्या दारात. तो पोरगा ती अठ्ठावीसची लेन्स घेऊन तिच्या अगदी चार फुटांवर गेला असला पाहिजे. छत्तीस फोटो होते म्हणून त्याने एक उधळला. बारा असते तर उधळला नसता. अम्माने त्याला थांबवायला हात पुढे केला आहे. हात लेन्सच्या जवळ, म्हणून तो चेहऱ्यापेक्षा मोठा आला आहे. पंजा, बोटं, बांगड्या, कणकेचे कण, सगळं स्पष्ट. मागे पदर घसरलेला, अर्धा चेहरा बोटांच्या आड. उरलेला अर्धा थोडा धूसर आहे, पण तो तिचाच आहे. ती रागावलेली नाही, हसते आहे.

बहीण बराच वेळ पाहत बसली. मग म्हणाली, "हात देख अम्मा का." पुढे काही बोलली नाही.

भाच्याने विचारलं, मोठा करून फ्रेम करू का, हॉलमध्ये लावू. मी बहिणीकडे पाहिलं. तिने मान हलवली, नको म्हणून. तो हात नको म्हणायलाच पुढे आला होता, हे तिलाही दिसत असणार. शेवटी पोस्टकार्डाएवढे दोन छापले. एक बहिणीच्या कपाटात आहे, दुसरा माझ्याकडे.